वास सहन न होणं आणि नसलेला वास येणं : मेंदूतल्या गाठीची शंका नेमकी कधी घ्यायची?

बेळगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. यजमानांचं वय ४४. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कास्टिंगला प्रायमर आणि रंग मारायचं काम करतात. दोन-तीन वर्षांपासून त्यांना कुठलाही उग्र वास सोसत नाही. थिनर, फिनेल, अत्तर, अगरबत्ती, उसावरची फवारणी, काहीही नाकात गेलं की डोकं उठतं, मळमळतं, अंधारात पडून राहावंसं वाटतं. त्यात गेल्या चार महिन्यांपासून मधूनच ‘रबर जळल्याचा वास येतोय’ म्हणतात. घरात इतर कुणालाच तो येत नाही. अर्धा मिनिट गप्प बसतात, विचारलं तर उत्तर देत नाहीत, मग पुन्हा पहिल्यासारखे. शेजारीपाजारी म्हणतात, केमिकल डोक्यात गेलं, मेंदूत गाठ झाली असणार. तर गाठ असेल का, केमिकलमुळे होते का, स्कॅन करायचा का, आणि काम सोडावं का?

ताई, तुम्ही एका दमात सांगितलेल्या या दोन तक्रारी पूर्णपणे वेगळ्या आहेत. वास सहन न होणं ही एक. नसलेला वास येणं ही दुसरी. घरातल्या सगळ्यांना पहिलीची भीती वाटते आणि दुसरीकडे ‘भास होतोय’ म्हणून दुर्लक्ष होतं. माझी काळजी बरोबर उलटी आहे. वास न सोसण्याची तक्रार दोन-तीन वर्षांची आहे, तिच्यामागे गाठ असण्याची शक्यता फार थोडी. रबर जळल्याचा वास चार महिन्यांचा आहे, आणि त्यासाठी मेंदूचा एमआरआय करायलाच हवा. तोही लवकर, या एक-दोन आठवड्यांत. मधे झटक्यांची मोठी फिट आली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आधी पहिल्या तक्रारीचं सांगतो, कारण आपल्या भागात ती फार दिसते. वास दोन नसांमधून मेंदूकडे जातो. मोगऱ्याचा, कॉफीचा, तुपाचा वास गंधाच्या नसेतून जातो. थिनर, अमोनिया किंवा तापलेल्या तव्यावर पडलेली संकेश्वरी मिरची यांचा वास तर येतोच, पण त्यांचा जो ठसका लागतो, डोळ्यांना पाणी येतं, नाकात झोंबतं, ते सगळं चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या पाचव्या नसेचं काम. मायग्रेनची, म्हणजे आपण जिला अर्धशिशी म्हणतो तिची, वेदना निर्माण करणारी नसही तीच. त्यामुळे ज्याला मुळात मायग्रेनचा त्रास आहे त्याचं डोकं थिनरच्या वासानं उठतं, यात नवल नाही. उलट ‘वासानं डोकं दुखतं आणि डोकं दुखत असताना वास सोसत नाही’ असं रुग्णानं सांगितलं की निदान मायग्रेनकडे झुकतं, कारण डोकेदुखीच्या इतर प्रकारांत हे लक्षण तितकंसं आढळत नाही. तुमचे यजमान अंधारात पडून राहतात हेही त्याच बाजूचं.

मायग्रेन किती असतो याची लोकांना कल्पना नसते. निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेतल्या संशोधकांनी बेंगळूर आणि आसपासच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयाच्या माणसांची पाहणी केली होती. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षभराच्या काळात साधारण दर चार माणसांमागे एकाला मायग्रेन असल्याचं दिसलं. याउलट आपल्या देशात मेंदूच्या गाठींचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे साधारण ५ ते १० असतात. वासानं डोकं उठणाऱ्या प्रत्येक माणसाचा स्कॅन काढत बसलो तर गाठ क्वचितच सापडेल. मात्र वेगळंच काहीतरी सापडत राहील. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात मध्यमवयीन आणि वृद्ध अशा २००० माणसांचे कुठलीही तक्रार नसताना एमआरआय केले होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले. १.६ टक्के लोकांच्या डोक्यात साध्या, कर्करोग नसलेल्या गाठी निघाल्या. कित्येकांना त्या जन्मभर त्रास देणार नव्हत्या. अशी गाठ रिपोर्टात आली की घरची झोप उडते, आणि वासाच्या त्रासाचं खापर तिच्यावर फोडलं जातं. म्हणून नुसत्या वासाच्या त्रासासाठी स्कॅन करा असं मी सांगत नाही.

काही जणांचा त्रास मायग्रेनच्या पलीकडे जातो. आधी एकाच वासाचा त्रास असतो, मग साबण, रंग, नवीन कापड, डिझेलचा धूर अशी यादी वाढत जाते. डोकं, छाती, अंगदुखी, थकवा, विसराळूपणा असं सगळंच जाणवू लागतं. १९८७ साली अमेरिकेतले डॉ. मार्क कलन यांनी या त्रासाची व्याख्या ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ या नावानं मांडली. यावर बराच अभ्यास झाला आहे. काही प्रयोगांत रुग्णाला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही न कळवता कधी खरं रसायन दिलं, कधी साधी हवा. दोन्हींत फरक ओळखणं रुग्णांना जमलं नाही. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा मुळीच नाही. डोकं खरंच दुखतं, उलटी खरंच होते. पण रसायन मेंदूत साचून गाठ बनवतंय असं त्यातून निघत नाही. मेंदूनं वासाला धोका मानायची सवय लावून घेतलेली असते, आणि ती सवय उपचारांनी बदलता येते. अशा रुग्णाला ‘तुमचं सगळं मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणारे डॉक्टर मला अजिबात पटत नाहीत. ते रुग्ण मग कुठल्या कुठल्या ‘डिटॉक्स’वाल्यांकडे जातात आणि पैसा घालवून बसतात.

आता रबर जळल्याचा वास. हे मला जास्त सविस्तर सांगायचं आहे.

कानशिलाच्या आत, मेंदूच्या बाजूच्या भागाला टेम्पोरल लोब म्हणतात. त्याच्या आतल्या कडेला वासाची, आठवणींची आणि भीतीची केंद्रं एकमेकांना चिकटून आहेत. तिथल्या पेशी अचानक एकाच वेळी पेटल्या की माणसाला फिट येते, पण ती हातपाय झाडणारी फिट नसते. आधी वास येतो, आणि तो बहुतेक वेळा घाणेरडाच असतो. जळकं रबर, कुजकं मांस, गंधक. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं. ‘हे सगळं पूर्वी घडून गेलंय’ असं वाटतं, किंवा उगाच भीती दाटून येते. नजर एका जागी खिळते, काही जण ओठ चाटतात, चघळल्यासारखं करतात, हातानं शर्टाचं बटण चाचपत राहतात. अर्धा ते दोन मिनिटांत संपतं. नंतर थोडा वेळ गोंधळल्यासारखं वाटतं, कधी काहीच आठवत नाही. लंडनचे डॉ. ह्यूलिंग्ज जॅक्सन आणि डॉ. बीव्हर यांनी १८८९ साली स्वयंपाकाचं काम करणाऱ्या एका बाईंची हकिकत लिहून ठेवली आहे. त्यांना असेच घाणेरड्या वासाचे झटके यायचे, आणि मृत्यूनंतर उजव्या टेम्पोरल लोबमध्ये गाठ सापडली. तेव्हापासून नसलेल्या वासाचे झटके म्हटलं की हा भाग तपासायचा, हा नियम झाला.

तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मला इथे महत्त्वाची वाटली. वास फक्त त्यांनाच येतो. तो थोडा वेळच टिकतो. आणि त्या वेळात ते उत्तर देत नाहीत. तिन्ही एकत्र आली की मी फिटच धरून चालतो. वास तासन् तास, दिवसभर येत राहिला असता तर मी आधी नाक आणि सायनस बघायला सांगितलं असतं. सायनसचा जुना संसर्ग, दातातला पू, किंवा कोविडनंतर बिघडलेली वासाची जाणीव यांतही नसलेला वास येतो, पण तो रेंगाळतो. घड्याळ लावल्यासारखा सुरू होऊन संपत नाही.

फिट असली तरी कारण गाठच असेल असं नाही, हेही तितकंच खरं. लहानपणी तापात लांबलेली फिट येऊन गेली असेल तर त्या भागातला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा भाग, सुकलेला सापडतो. आपल्या भागात फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारी बारीक पुटकुळी आणि क्षयाची गाठ ही दोन कारणंही विसरता येत नाहीत. स्कॅनवर छोटं गोल कडं दिसलं की लोक लगेच कॅन्सर समजतात. फीतकृमीचं ते कडं औषधांनी, पुष्कळदा आपोआपही, काही महिन्यांत विरून जातं. त्याचा मांसाहाराशीच संबंध असतो असंही नाही. न धुतलेल्या भाजीतून अंडी पोटात जातात, म्हणून शाकाहारी घरांतही हा आजार दिसतो. आणि खरोखर गाठ निघाली, तरी टेम्पोरल लोबमध्ये अशा फिट देणाऱ्या बऱ्याच गाठी सावकाश वाढणाऱ्या असतात. गँगलिओग्लायोमासारखी गाठ पूर्ण काढता आली तर बहुतेकांच्या फिट थांबतात. वेगानं वाढणारी गाठही असू शकते, तुमच्यापासून ते लपवत नाही, आणि म्हणूनच तपासणी लांबवू नका.

तपासणी सीटी स्कॅनवर भागवू नका. स्वस्त असतो, लगेच होतो, म्हणून पुष्कळदा तोच आधी काढतात, पण टेम्पोरल लोबच्या आतली छोटी गाठ त्यात निसटू शकते. फिटसाठीच्या खास पद्धतीचा, बारीक कापांचा एमआरआय लिहून मागा, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर कॉन्ट्रास्टसह, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन. कॉन्ट्रास्टआधी मूत्रपिंडं नीट आहेत का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघून घेतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढतील. तो नॉर्मल आला म्हणून फिट नाही असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका, दोन फिटच्या मधल्या वेळात तो पुष्कळदा नॉर्मलच येतो.

सगळ्यात मोलाची तपासणी मात्र तुमच्या हातात आहे. पुढचा झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, नाव विचारा, हात वर करायला सांगा, आणि किती सेकंद चाललं ते बघा. आपल्याकडे रुग्ण मराठीत सांगतो, समोरचा शिकाऊ डॉक्टर कन्नडमध्ये विचारतो आणि कागदावर इंग्रजीत ‘वासाची अ‍ॅलर्जी’ एवढंच उतरतं. नसलेला वास, गप्प होणं, हे सगळं त्यात गळून जातं. घरून एका कागदावर तारीख, वेळ, काय झालं हे लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

वासाची तिसरी एक तक्रार आहे, जी तुम्ही विचारली नाही. वास जाणं. गाठीच्या दृष्टीनं तिचं महत्त्व मोठं आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. नाकाच्या छताच्या वर, कपाळामागे, मेंदूच्या आवरणातून मेनिन्जिओमा नावाची गाठ वाढते. ती वर्षानुवर्षं गंधाच्या नसेला दाबत राहते. एका बाजूचा वास आधी जातो म्हणून माणसाला कळतच नाही. खानापूर भागातल्या एका आजी माझ्याकडे आल्या त्या डोळ्यांना कमी दिसतं म्हणून. सुनेला विचारल्यावर कळलं की वर्षभर आमटी करपली तरी त्यांच्या लक्षात येत नव्हतं, भजनाला जाणं सुटलं होतं, स्वभाव निरुत्साही झाला होता. घरच्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. लिंबाएवढी गाठ निघाली. एका डोळ्याची नस सुकलेली, दुसऱ्या डोळ्याची सुजलेली आणि वास गेलेला, हे चित्र डॉ. फॉस्टर केनेडी यांनी १९११ सालीच लिहून ठेवलं आहे. वासाची जाणीव तपासायला यंत्र लागत नाही. डोळे मिटून, एक नाकपुडी बंद करून, दुसऱ्या नाकपुडीशी कॉफी किंवा वेलची धरायची. अमोनिया किंवा बाम वापरायचा नाही, ते पाचव्या नसेला झोंबतात आणि वास गेलेल्या माणसालाही ‘आला’ असं वाटतं. निपाणीकडे तपकीर ओढणाऱ्यांचा वास तपकिरीनंही मंदावतो, तेवढं ध्यानात घेऊन निष्कर्ष काढायचा.

आता केमिकलमुळे गाठ होते का. मेंदूच्या गाठींचं बाहेरून येणारं पक्कं सिद्ध झालेलं कारण एकच आहे, ते म्हणजे क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग, विशेषतः लहानपणी डोक्याला दिलेले उपचारांचे किरण. काही घराण्यांत न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे अनुवंशिक आजार असतात. बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. थिनरनं किंवा रंगानं मेंदूची गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून ती रसायनं निरुपद्रवी असं मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था रंगाऱ्याचं काम आणि लोखंडाच्या फाउंड्रीतलं काम, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गटात धरते. पण तिथे प्रश्न फुप्फुसाचा असतो, रंगाऱ्याच्या बाबतीत मूत्राशयाचाही. फाउंड्रीत साच्याच्या आतला वाळूचा गाभा (कोअर) बनवताना रेझिनमधून, म्हणजे वाळू चिकटवणाऱ्या रसायनातून, येणारं फॉर्मल्डिहाइड नाक-घशाच्या आणि रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे. मेंदूची भीती बाळगून फुप्फुसाकडे दुर्लक्ष होतं, हे मी कामगारांमध्ये सतत बघतो.

आणि वास किती उग्र यावरून विष किती हे ठरत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसला वास नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि थंडीत बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळ करणारी धडधाकट माणसं त्यानं बेशुद्ध पडतात. घरातल्या अनेकांचं डोकं एकाच वेळी दुखत असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. फवारणीचंही तसंच. क्लोरपायरिफॉससारखं औषध मारल्यावर नुसतं डोकं दुखणं वेगळं, आणि लाळ गळणं, घाम, जुलाब, बुबुळं बारीक होणं, छाती भरून येणं वेगळं. ही विषबाधा आहे. औषधाची बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात जायचं.

समजा एमआरआयमध्ये गाठ निघालीच, तर ज्याला वास सोसत नाही अशा माणसाचं दवाखान्यातलं राहणं कसं निभवायचं, याचाही विचार आधीच करा. भूलतज्ज्ञांना तपासणीच्या वेळीच स्पष्ट सांगा. नाकावाटे वायू देण्याऐवजी शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल देता येते. वॉर्डात खिडकीजवळची खाट मागा, फरशी पुसताना त्यांना बाहेर फिरवून आणा. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या लागल्या, तर त्या रात्री रिकाम्या पोटी आणि आधी उलटीची गोळी घेऊन दिल्या तर पुष्कळ सोसतात. गरम जेवणाचा वास जास्त सुटतो, त्या दिवसांत गार दहीभात किंवा आंबील बरं पडतं. डोक्याला किरण देताना काही रुग्णांना क्लोरीनसारखा वास येतो, निळा प्रकाश दिसतो. खोलीत कुठलंही रसायन सोडलेलं नसतं, किरणांनी मेंदूतली, नाकातली आणि डोळ्यांतली केंद्रं चाळवतात. हे आधी माहीत असलं तर माणूस घाबरून टेबलावरून उठत नाही.

खर्चाचं. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, म्हणून बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ साली आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे, तुमचं गाव त्यात येत असेल तर कोल्हापूर-मिरजेकडे जाण्याआधी कुठलं रुग्णालय आणि कुठली कागदपत्रं चालतात ते विचारून घ्या. गुंतागुंतीचं असेल तर बेंगळूरचं निम्हान्स आहेच.

एमआरआय स्वच्छ आला तर? फिटची गोळी तरीही लागू शकते, आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. वासाच्या डोकेदुखीवर मायग्रेनचे प्रतिबंधक उपचार आहेत. अमिट्रिप्टिलीन, प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेट यांतलं एखादं काही महिने घ्यावं लागतं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, ते डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १०-१५ दिवसांच्या वर गेल्या तर त्याच डोकं दुखवू लागतात.

कामाबद्दल. घरचा चरितार्थ त्यावर आहे, त्यामुळे ‘सोडून द्या’ असं मी सहज म्हणणार नाही. पण निदान होईपर्यंत भट्टी, क्रेन, फिरती मशीन, शिडी यांपासून त्यांना दूर ठेवा, आणि मोटारसायकल चालवू देऊ नका. घरी विहिरीवर आणि नदीवर एकट्यानं पोहायला जाणं बंद. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मालकांना पॅकिंग किंवा तपासणीचं काम मागा. रंगकामावर परत जायचंच झालं तर नाकावर रुमाल बांधून काही होत नाही. रुमालानं धूळ अडते, थिनरची वाफ आरपार जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, कार्ट्रिज वेळच्या वेळी बदलावं लागतं, आणि हवा बाहेर खेचणारा पंखा लागतो. हे सगळं देणं कारखान्याची जबाबदारी आहे, मागायला संकोच करू नका.

आणि मधेच मोठी फिट आली तर कांदा, चप्पल काहीही हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, वेळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर १०८ ला फोन करा.